पत्र्याला टिचकी मारून घेतलेली पद्मिनी

अमळनेरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पितळ, स्टील, थोडं तांबं. तीस वर्षं गल्ल्यावर बसून मी एक गोष्ट रोज पाहतो. पातेलं घ्यायला आलेली बाई आधी ते उलटं करते आणि बुडाला टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तरच भाव विचारते. कडेची नक्षी, चकाकी, झाकण हे सगळं नंतर.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली तीही अशीच. एक लाख पस्तीस हजारांना. त्यानंतर तिच्यावर आणखी नव्वद-पंच्याण्णव हजार घातलेत. हा आकडा बायकोला पूर्ण माहीत नाही, तेव्हा कोणी दुकानात आलंच तर जपून बोला. पेट्रोल पंपावर रोज कोणीतरी विचारतं, ‘कितीला पडली? मिळते का अजून? आम्हालाही घ्यायचीय.’ प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून जीभ झिजली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. गाडी कशी आहे तेही लिहितो, पण त्याआधी ती कशी घ्यावी हे लिहितो. माझ्या मते पैसे वाचतात किंवा बुडतात ते घेतानाच.

आधी ‘विंटेज’ या शब्दाचा निकाल लावू. ज्याच्या दारात पंधरा वर्षं पद्मिनी धूळ खात पडली आहे, तो प्रत्येक माणूस आता तिला विंटेज म्हणतो आणि भाव दुप्पट करतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच विंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आणि गंमत म्हणजे तो नंबर घेतला की गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मला तर रविवारी शेवभाजी खायला धुळ्याला जायचं होतं. विंटेजचा मला काय उपयोग?

पद्मिनीचा वंश थोडक्यात असा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाटच्या परवान्याने गाड्या बनवायची. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची, आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती आधीची. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली. तीच १९७३ ला प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला पद्मिनी. नावं बदलत गेली, आतलं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तेच. म्हणजे १९८४ ची गाडी घेतली तरी आत साठीच्या दशकातलं इटालियन यंत्र आहे हे धरून चालायचं. यात तोटा जेवढा तेवढाच फायदाही आहे. सगळं उघडता येतं, सगळं डोळ्याला दिसतं, आणि चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही मिस्त्रीने ते कधी ना कधी बांधलेलं असतं.

पहिली गाडी मी पाहिली ती एका मोठ्या शहरात, जुन्या गाड्या ‘रिस्टोअर’ करून विकणाऱ्याकडे. नाव घेत नाही. लाल रंग, क्रोमचे बंपर, आत नवं कोरं रेक्झिन. फोटो पाहूनच मी विरघळलो आणि कागद न पाहता दहा हजार इसार पाठवून बसलो. गिऱ्हाइकाने इसार दिला की ते अर्धं आपलं झालं, हे मी स्वतः दुकानदार असून विसरलो.

तिथे गेलो. सवयीने मागच्या मडगार्डला टिचकी मारली. आवाजच नाही. म्हणजे आवाज आला, पण मडक्याला टिचकी मारल्यासारखा, बद्द. दुसरीकडे मारली, पुन्हा बद्द. फ्रीजवरचं लोहचुंबक मी रुमालात गुंडाळून नेलं होतं, रंगाला ओरखडा नको म्हणून. छतावर घट्ट बसलं. बोनेटवर बसलं. दाराच्या खालच्या वितीला लावलं तर घसरून खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता, होती ती लांबी. डेंटर लोक पोचा किंवा भोक बुजवायला जी पुट्टी भरतात तिला गॅरेजमध्ये लांबी म्हणतात. पातळ हात असेल तर हरकत नाही, चाळीस वर्षांच्या गाडीला थोडी असणारच. पण दार, मडगार्ड, दिव्यांच्या कडा, सगळीकडे चुंबक पडायला लागलं की समजायचं, आपण रंग दिलेला गणपती विकत घेतोय. पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे येतात.

तरीही मी मोहात होतोच. शेवटी माझा मोह उतरवला तो एका रिव्हेटने. चेसिस नंबरची पट्टी ज्या रिव्हेटने बसवली होती ते नवे होते, चकचकीत. भांड्याच्या कानांना रिव्हेट असतात, नवा आणि जुना रिव्हेट मला अंधारातही हाताला कळतो. मग आरसी मागितली. इंजिनवर ठोकलेला नंबर आणि आरसीतला नंबर यात फरक होता. इंजिन बदललं असेल तर तसं आरटीओत नोंदवून घ्यावं लागतं. विकणाऱ्याचं उत्तर होतं, ‘अहो, एवढं कोण बघतं?’ पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टर बघतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा कागदपत्रांना लावतात, मग काय सांगणार? इसार परत मिळाला नाही. ते दहा हजार मी शिकवणीची फी म्हणून लिहून टाकले.

दुसरी गाडी चोपड्याकडची. केळीवाल्यांचा जुना वाडा, मागे गोठा, गोठ्याशेजारी शेडमध्ये फिकट निळी पद्मिनी. अकरा वर्षं जागची हललेली नाही. चारही टायर जमिनीला चिकटलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केलेली, वायरिंग कुरतडलेलं. पण टिचकी मारली आणि काय सांगू, पितळी घंटेसारखा आवाज. कुठे लांबी नाही, कुठे गंज नाही. आपल्याकडच्या गाडीचं हे एक भाग्य आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, वर्षातले आठ महिने ऊन. मुंबईची गाडी पत्र्याने जाते, खानदेशातली रबराने. काचांची बीडिंग, होज पाइप, दारांचं रबर, डॅशबोर्ड हे सगळं आपल्या उन्हात पापडासारखं होतं. पण रबर बाजारात मिळतं, पत्रा नाही मिळत.

ती गाडी मी घेतली नाही. कारण कागद. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारस चार, त्यातले दोघे पुण्याला आणि आपसात बोलणं नाही. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर चढवावी लागते, बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि मगच तो वारस फॉर्म २९ आणि ३० वर सही करून आपल्याला विकू शकतो. मधलीच पायरी गाळून ‘सही आम्ही करून देतो, आजोबांची सही आम्हाला येते’ म्हणणारे महाभाग भेटतात. इथेही भेटले. मी चहा पिऊन, नंबर देऊन उठलो. परतीच्या वाटेवर एसटीत बसल्यावर मात्र फार वाईट वाटलं. त्या आवाजाची गाडी पुन्हा कानावर येणं अवघड होतं.

आता धुळ्याची, म्हणजे माझी.

एका निवृत्त मास्तरांची गाडी. दुसरे मालक, पण १९९१ पासून त्यांच्याकडेच. मागणी एक लाख सत्तर हजार. या वेळी मी एकटा गेलो नाही. आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सत्तरी ओलांडली आहे, फियाट आणि जीपशिवाय कशाला हात लावत नाहीत. दिवसाचे दीड हजार आणि जेवण, या बोलीवर आले. जुनी गाडी घेण्यातला हा सगळ्यात स्वस्त खर्च. लाखाची वस्तू घेताना दीड हजार वाचवणारी माणसं मी पाहिली आहेत, मीही एकदा त्यांच्यातच होतो.

आप्पांनी आदल्या रात्री मास्तरांना माझ्याकडून निरोप द्यायला लावला होता, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आम्ही दहाला पोहोचलो. मास्तर हौशी. गाडी धुऊन, पुसून, अंगणात आणून ठेवलेली. आप्पांनी ना रंग बघितला ना आतलं बघितलं, सरळ बोनेट उचललं आणि इंजिनच्या डोक्यावर तळहात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच अहिराणीत म्हणाले, ‘यास्नी सकायमाच चालू करेल शे.’ म्हणजे यांनी सकाळीच चालू केलेली आहे.

मास्तर ओशाळले. फसवायचा हेतू नव्हता, पाहुणे येणार म्हणून गाडी तयार ठेवली एवढंच. पण गरम इंजिन दोष झाकतं. रात्रभर थंड पडलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते, उठताना धूर कोणत्या रंगाचा टाकते, टॅपेट किती वाजतात, हे फक्त एकदाच दिसतं. आप्पा म्हणाले, ‘चाल, पह्यले जेवी लेऊत.’ आम्ही दोघं जेवायला गेलो, मग एका ओळखीच्या दुकानात पंख्याखाली बसलो आणि चार वाजता परत आलो. पाच-सहा तास एका थंड इंजिनसाठी. मला तेव्हा हे वेड वाटलं होतं.

चार वाजता चोक ओढून सेल्फ मारला. तिसऱ्या झटक्याला उठली आणि मागून निळसर धुराचा एक ढग निघाला. निघाला आणि विरला. आप्पांनी मला सायलेन्सरच्या मागे उकिडवं बसवलं होतं. त्यांचं गणित असं: उठताना एकदाच निळा धूर आला आणि थांबला तर व्हॉल्व्हच्या बाजूने रात्रभर ऑइल झिरपलं आहे, खर्च थोडका. ॲक्सिलेटर देताना सतत निळा येत राहिला तर रिंगा-बोअर गेले, खर्च मोठा. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबेना तर पाणी आत जातंय, हेड गॅस्केटकडे बघा. मग प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मीटर लावून घेतलं. तीन १२० च्या आसपास, चौथा ९०. त्या चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. काटा जागचा हलला नाही. ऑइल घालून आकडा वाढला असता तर रिंगा खराब, न वाढला म्हणजे व्हॉल्व्ह. मास्तर, मी आणि शेजारची दोन पोरं, आम्ही सगळे त्या काट्याकडे दहावीचा निकाल बघितल्यासारखे बघत होतो.

पण आप्पांनी खरा वेळ घालवला तो खाली. गोणपाट अंथरलं, टॉर्च घेतली, हातात जुना बोथट पेचकस, आणि पाठीवर सरपटत आत गेले. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच चेसिस. त्यामुळे दारांखालची लांब पट्टी, जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकांचं काम जिथे बोल्टने बसतं तो पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा, एवढं सडलं असेल तर वरचा रंग कितीही गोरा असो, गाडी संपली. आप्पा पेचकसाच्या मुठीने दर चार बोटांवर ठोकत जायचे आणि शंका आली की टोक दाबून बघायचे. टण, टण, टण. मधेच एका ठिकाणी ‘टप’. तिथे टोक दाबलं तर आत गेलं नाही, नुसती चिखलाची खपली पडली. मी बाहेर उकिडवा बसून कान लावून ऐकत होतो. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आप्पा बाहेर आले, पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, ‘इंजिन कोनतं बी बांधता येस. सडेल पत्रा कोन बांधी दी?’

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, तर ठक ठक. चाक ज्यांच्यावर वळतं त्या किंगपिन गेलेल्या. उजवी-डावीकडे हलवलं तेव्हा स्टिअरिंगचे सांधे ठीक. ट्रायलला गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढत होती. हे सगळं आप्पांनी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून काढलं, समोर रुपये टाकले आणि तो कागद मास्तरांच्या हातात दिला. घासाघीस नाहीच. एक लाख सत्तरवरून एक लाख पस्तीसला सौदा दहा मिनिटांत झाला, कारण भांडायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी वर एक ट्रंकभर जुने पार्ट आणि १९८४ चं मूळ पुस्तक दिलं. निघताना त्यांच्या पत्नी गाडीला हळद-कुंकू लावून आत निघून गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आता माझी चूक. डिकीत नवी कोरी काळी रबरी मॅट होती. सुंदर बसवलेली. मी, भांडी उलटी करून बघणारा माणूस, ती मॅट उचलून बघितली नाही. आप्पा खालून बघत होते, पण डिकीत स्टेपनीच्या बाजूला पाणी साचून वरून गंज चढला होता आणि खाली काळा डांबरी थर मारलेला असल्याने टोक लागलं नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात डिकीतली पिशवी भिजली तेव्हा कळलं. डेंटरने पत्रा कापून नवा जोडला, चौदा हजार. तेव्हापासून मी कुणाबरोबर गाडी बघायला गेलो की आधी सगळ्या मॅट उचलतो. नवी मॅट दिसली की दोनदा उचलतो.

कागदांचं थोडं. तीन अक्षरी जुन्या नंबरच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा ऑनलाइन नसते, ती वहीतच असते. घेण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे वहीतली नोंद ऑनलाइन चढवणं, आधी मालकाकडून करून घ्या, आपल्या माथी नको. ती नसेल तर पुढे नावावर चढवणं, नवी सुरक्षा नंबरप्लेट, सगळंच अडतं. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. माझी तारीख २०२४ मध्ये आली, तेव्हा फी पाच हजार होती. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झाली आहे. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. विमा मला थर्ड पार्टीच मिळाला, म्हणजे उद्या कोणी मागून ठोकलं आणि पळून गेलं तर खर्च आपल्या खिशातून.

चालवायला कशी आहे? सुरुवातीचे दोन आठवडे हात भलतीकडे जायचा, कारण गिअरची दांडी स्टिअरिंगला. एकदा बसली की मजा आहे, पुढचं सीट सलग सोफ्यासारखं, मधे दांडी नाही, तिघं आरामात. काच मोठी, खांब बारीक, चारी बाजूंचं सगळं दिसतं. साठच्या वेगाला गाडी खूश असते. ऐंशीला बोलायला लागते. त्यापुढे मी गेलो नाही. चारी चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर वगैरे काही नाही, पाय रोवून दाबावा लागतो. महामार्गावर पुढचा ट्रक थांबणार हे ट्रकवाल्याच्या आधी आपल्याला कळायला हवं. धुळ्याजवळच्या लळिंगच्या उतारावर गिअर खाली टाकून इंजिनच्या जोरावर उतरतो, नुसत्या ब्रेकवर नाही. लिटरला बारा-तेरा किलोमीटर पडतात. एसी नाही, पण पुढच्या काचेशेजारची तिकोनी झडप उलटी वळवली की वारा थेट छातीवर येतो. मे महिन्यात तो वारा म्हणजे भट्टीचा भाता, हे वेगळं सांगायला नको.

मे महिना म्हटलं की पारोळ्याचं लग्न आठवतं. पहिलंच वर्ष. दुपारी दोनला जेवून निघालो, पारा ४४ च्या घरात. पारोळा सोडून पाच-सहा किलोमीटर आलो आणि गाडी उचक्या देत बंद. पेट्रोल आहे, करंट आहे, सेल्फ फिरतो, उठत नाही. बायको भरजरी साडीत, मागे सासूबाई, आजूबाजूला सावली फक्त एका उसाच्या रसवाल्याची. त्याने लांबूनच ओळखलं. बर्फाच्या लादीवरचं ओलं गोणपाट घेऊन आला, बोनेट उघडायला लावलं आणि ते इंजिनला पेट्रोल ओढून देणाऱ्या छोट्या पंपावर आणि नळीवर पसरलं. उन्हाने नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. गार झालं की पुन्हा द्रव. आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यायलो तेवढ्यात गाडी उठली. सासूबाईंनी मात्र तेव्हापासून या गाडीत बसायचं सोडलं.

आप्पांनी त्यावर इलाज केला तो माझ्या दुकानातल्या स्टीलच्या ताटाचा. एक ताट अर्धं कापलं, वाकवलं आणि इंजिनचा धूर नेणारा गरम नळ आणि पेट्रोलची नळी यांच्या मधे आडोसा म्हणून बसवलं. नळ्याही बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. इथेनॉल सोसणारी नळी मिळते, ती मागून घ्या. पंपातला पडदाही बघून घ्या. तेव्हापासून तीन उन्हाळे गेले, गाडी वाटेत थांबलेली नाही. बोनेट उघडलं की ताटाची कड दिसते आणि लोक हसतात. हसू द्या.

पार्टची चिंता लोक उगाच करतात, आणि थोडी रास्तही आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ही गाडी पन्नास वर्षं पोसली. कुर्ल्याला, धुळ्याला, मालेगावला पार्ट मिळायचे ते त्या टॅक्सीच्या जिवावर. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. तेव्हापासून चालू खपाचा माल, म्हणजे ब्रेक किट, क्लच प्लेट, किंगपिन, मिळतो. पण काचा, दिव्यांच्या रिंगा, दारांच्या मुठी, मूळ बिल्ले यांचे भाव चढलेत. म्हणून गाडी घेताना इंजिनपेक्षा हे किडूकमिडूक पूर्ण आहे का ते मोजा. एका मुठीसाठी मी तीन महिने फोन करत होतो.

आणि कृपा करून गुंतवणूक म्हणून घेऊ नका. अमळनेरच्या माणसाला गुंतवणुकीचं कोणी सांगू नये. विप्रो १९४५ मध्ये आमच्याच गावात वनस्पती तेलाच्या कारखान्याने सुरू झाली. ज्यांच्या घरी तेव्हाचे शेअर जपून राहिले ती घरं गावाला ठाऊक आहेत. माझ्या आजोबांनी त्या काळात पितळेचा माल भरला. त्यामुळे आमच्या घराण्याचा अंदाज कसा असतो हे तुम्ही ओळखा. माझी पद्मिनी आज विकली तर घातलेले पैसे निघणार नाहीत, आणि दर महिन्याला ती काही ना काही मागते. परवा वायपरची मोटर.

गुण द्यायचेच तर गाडीला पाचात साडेतीन. अर्धा ब्रेकचा कापला, एक उन्हाचा. आप्पांना पाच. मास्तरांना पाच, मॅट सोडून.

गेल्या सोमवारी दुकानात एक फोन आला. चोपड्याहून. वारसांचं जमलं म्हणे, फॉर्म ३१ झाला, निळी गाडी आता थोरल्या नातवाच्या नावावर आहे. ‘या ना भाऊ बघायला. बॅटरी आणलीय, आजच चालू करून ठेवतो.’ बायको समोरच बसली होती, तिने नजर वर केली. मी हळू आवाजात एवढंच सांगितलं, की आम्ही येईपर्यंत सेल्फला हात लावू नका, आणि आप्पांना फोन लावला.